सुपरचार्जरवाली छोटी गाडी : आधी पुली बदलू की रीमॅप करू?

सहावा_गिअर

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न शेवटी इथे टाकतोय.

माझ्याकडे २००५ ची मिनी कूपर एस आहे, आर ५३ मॉडेल. १५९८ सीसीचं इंजिन, त्यावर ईटन कंपनीचा एम ४५ सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), कागदावर १७० अश्वशक्ती. घेऊन दीड वर्ष झालं, मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर आहेत. गाडीवर माझा फार जीव आहे. चार हजार आरपीएमच्या पुढे ती जी शिट्टी सुरू होते, ती ऐकायला मी लांबच्या रस्त्याने घरी जातो.

आता तिला अजून थोडी ताकद द्यायची इच्छा आहे. एका जाणकाराने सांगितलं, "आधी ईसीयू रीमॅप कर, बाकी काही लागणार नाही" (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची सेटिंग बदल). दुसऱ्याने सांगितलं, "रीमॅपचं सोड, १५ टक्क्यांची पुली टाक" (म्हणजे सुपरचार्जरच्या बेल्टचं चाक १५ टक्के लहान). दोन्ही एकदम करणं जमणार नाही, एकेक पायरीच चढावी लागेल. गाडी रोज कामाला जायला वापरतो, त्यामुळे ती उभी राहिली तर अडचण होते.

कुठून सुरुवात करू? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांचे अनुभव वाचायला फार आवडेल.

---

चक्रधर

चांगला धागा. तुमच्या दुसऱ्या जाणकाराचं बरोबर आहे. का ते नीट सांगतो, कारण टर्बो गाड्यांवरचं ज्ञान सुपरचार्जरला जसंच्या तसं लावणारे खूप भेटतात.

टर्बो एक्झॉस्टच्या धुरावर फिरतो. त्यात बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, किती द्यायचा हे ईसीयू ठरवतो. वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) उशिरा उघड म्हटलं की दाब वाढला. म्हणून टर्बोला नुसता रीमॅप केला तरी गाडी बदलून जाते. तुमच्या गाडीत सुपरचार्जर क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) बेल्टने बांधलेला आहे. क्रँक फिरला की तो फिरणार, ठरलेल्या प्रमाणात. एम ४५ म्हणजे दर फेऱ्याला ४५ घन इंच, सुमारे ७४० सीसी हवा. तुमचं १६०० सीसीचं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्याला ८०० सीसी हवा पिऊ शकतं. सुपरचार्जर क्रँकच्या साधारण दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे इंजिनच्या तोंडी त्याच्या भुकेपेक्षा खूप जास्त हवा कोंबली जाते. ती कोंबाकोंबी म्हणजेच बूस्ट. त्यात ईसीयूचा काही हात नाही. त्याच्या हातात पेट्रोल, ठिणगीचं टायमिंग आणि थ्रॉटल, बस्स.

म्हणून बूस्ट वाढवायचा तर सुपरचार्जर जास्त वेगाने फिरवायचा, आणि त्यासाठी त्याची पुली लहान करायची. यात गंमत अशी की १५ टक्के लहान पुली म्हणजे १५ टक्के जास्त वेग नव्हे. व्यास ०.८५ झाला तर वेग १ भागिले ०.८५, म्हणजे १७.६ टक्के वाढला. १७ टक्क्यांच्या पुलीला २०.५ आणि १९ टक्क्यांच्या पुलीला २३.५ टक्के. आकडा वर जाईल तसा फरक पसरत जातो, हे पुली निवडताना लक्षात ठेवा.

माझं मत : १५ टक्के पुली, तिला साजेसा आखूड बेल्ट, एक क्रमांक थंड (उष्णता लवकर सोडणारे) स्पार्क प्लग. रीमॅप त्यानंतर.

---

उनाडवारा

१५ कशाला? एकदाच १९ टाका आणि मोकळे व्हा. मी दोन वर्षं चालवतोय, काही झालं नाही. तीन हजारापासूनच जी ओढ लागते तिला तोड नाही. आणि तो आवाज! पुली दोनदा बदलण्याचे कष्ट तरी वाचवा.

---

तेलकट_हात

थांबा, थांबा. पुली १५ की १९ हे नंतर.

१ लाख ३८ हजार झालेत ना? मग मला आधी सांगा, सुपरचार्जरचं तेल कधी बघितलंय का?

या सुपरचार्जरला स्वतःचं वेगळं तेल असतं, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. दोन कप्पे असतात. एक पुढे पुलीच्या बाजूला, एक मागे. मागच्या टोकाला गिअर आहेत आणि त्या गिअरवर गाडीचा वॉटर पंप चालतो. म्हणजे वॉटर पंपाला स्वतःचा बेल्ट नाही, तो सुपरचार्जरच्या शेपटीला लटकलेला आहे. मागच्या कप्प्यातलं तेल संपलं की गिअर कोरडे घासतात, दाते झिजतात, आणि एक दिवस पंप फिरायचा थांबतो. बेल्ट जागेवर, सुपरचार्जर फिरतोय, शिट्टी वाजतेय, आणि पाणी मात्र जागेवरून हलत नाही. इंजिन तापून हेड वाकतं. लोक थर्मोस्टॅट बदलतात, रेडिएटर बदलतात, आणि खरा आजार मागे लपलेला असतो.

माझ्या हाताखालून अशा बऱ्याच गाड्या गेल्या. मागच्या कप्प्याचा बूच काढला की चमचाभर काळपट चिखल निघतो, आणि त्याला असा जळका, कुबट वास असतो की एकदा नाकात गेला की आयुष्यभर ओळखता येतो. बूच बोटांत धरून उजेडात फिरवला तर त्यावर चंदेरी भुकटी चमकते. ती म्हणजे गिअरचे दाते.

कागदावर हे तेल आयुष्यभराचं मानलंय, पण गाडी वीस वर्षांची झाली की आयुष्याचा अर्थ बदलतो. लहान पुली म्हणजे हेच गिअर १७ ते २३ टक्के जास्त वेगाने फिरवणं. कोरड्या गिअरवर हे करू नका, कळकळीने सांगतो.

सुपरचार्जर उतरवायला गाडीचा पुढचा भाग लांब बोल्टांवर पुढे सरकवावा लागतो, त्याला सर्व्हिस पोझिशन म्हणतात. एकदा तो पुढे आला की पुली, तेल, वॉटर पंप, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, सगळं एका बैठकीत उरकून घ्या.

---

निवांत_प्रवासी

तेलकट_हात, प्रतिसाद जपून ठेवला. वॉटर पंपाचं हे माहीतच नव्हतं.

---

जुनंतेसोनं

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आर ५३ चं उत्पादन २००६ ला संपलं. आता यातल्या जशा कारखान्यातून निघाल्या तशा उरलेल्या गाड्या दिवसेंदिवस कमी होत चालल्यात. ज्याच्या हाती धडधाकट, न छेडलेली गाडी आहे त्याने ती तशीच जपावी असं मला मनापासून वाटतं. १७० अश्वशक्ती या वजनाला पुरेशी आहे. या गाडीचं वैभव स्टिअरिंगमध्ये आहे, सरळ रेषेत पळण्यात नाही.

---

सहावा_गिअर

जुनंतेसोनं, राग कशाला! स्टिअरिंगबद्दल शंभर टक्के सहमत. पण पुली परत बदलता येते. मूळ पुली डब्यात तेल लावून ठेवीन, हे वचन.

तेलकट_हात, तुमचं वाचून पोटात गोळा आला. सकाळी गाडी गार असताना सुरू केली की उजव्या बाजूने बारीक खडखड येते, गरम झाली की जाते. मी आजवर ती इंजिनचीच समजत होतो.

---

तेलकट_हात

ती खडखड म्हणजे नक्की गिअरच असं इथून सांगणार नाही. टेन्शनरही असाच वाजतो. पण पुली घेण्याआधी बघून घ्या. आणि अजून एक, क्रँकच्या पुलीवरचा डँपर (कंप शोषणारा भाग). आतला गाभा आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं, ते जुनं झालं की सुटतं. तपासायची सोपी युक्ती : पांढऱ्या रंगाच्या पेनने गाभ्यापासून कडीपर्यंत एक सरळ रेघ ओढा. आठवडाभर गाडी चालवा. रेघ तुटून दोन तुकडे झाले, म्हणजे कडी गाभ्यावर घसरतेय. डँपर गेला.

---

मृण्मयी_के

उनाडवारांच्या सल्ल्याशी असहमत आहे, आणि त्यामागे मोजलेले आकडे आहेत म्हणून लिहितेय.

मी हीच गाडी सर्किटवर चालवते, पुली १५ टक्के. ओबीडीला (गाडीच्या संगणकाच्या जोडणीला) यंत्र लावून हवेचं तापमान नोंदवते. इंटरकूलर (दाबलेली गरम हवा गार करणारा) झाल्यानंतर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) सेन्सर आहे, तोच वाचते. बाहेर २४ अंश होते त्या दिवशी पहिल्या फेरीत ४५, चौथ्या फेरीत ७२ अंश. मूळ इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर आडवा बसलेला आहे, बॉनेटच्या खाचेतून हवा येईल तेवढीच त्याची हवा. तो एकदा तापला की लवकर निवत नाही.

नंतर मैत्रिणीची १९ टक्क्यांची गाडी तशाच हवेत चालवली, तोच इंटरकूलर. तिसऱ्या फेरीला ८५ पार. आणि टायमिंग बघितलं तर ईसीयू सपाटून मागे ओढत होता. पहिल्या फेरीत ती गाडी माझ्यापेक्षा वेगवान होती, चौथ्या फेरीत हळू! जास्त बूस्ट होता, पण ताकद उष्णतेने खाल्ली.

त्यामुळे १९ चा विचार मोठा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि रीमॅप हे सगळं ठरलेलं असेल तरच. रोजच्या गाडीला १५.

---

अभियंता_८१

मृण्मयीताईंचे आकडे गणितातही बसतात. कागदावर मांडतो.

हवा दाबली की तापते. दाब १.८ पट केला आणि आत येणारी हवा ३० अंश धरली, तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येही ती ५५ अंशांनी तापेल. एम ४५ सारखा रूट्स जातीचा सुपरचार्जर हवा आत दाबत नाही, नुसती एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ढकलतो आणि दाब बाहेर मॅनिफोल्डमध्ये तयार होतो. त्यामुळे त्याची कार्यक्षमता कमी. ५५ टक्के धरली तर प्रत्यक्षात वाढ १०० अंश. म्हणजे सुपरचार्जरमधून १३० अंशांची हवा बाहेर पडते.

आता दाब २ पट करा. आदर्श वाढ ६६, प्रत्यक्ष १२० च्या आसपास, म्हणजे १५० अंश. आणि हे कार्यक्षमता तीच राहिली असं धरून. वेग वाढला की रोटरच्या फटींमधली घुसळण वाढते, तापमान अजून चढतं. शिवाय सुपरचार्जर फिरवायची शक्ती क्रँकमधूनच जाते, ती वेगळीच.

म्हणून माझ्या मते या गाडीत पैसा आधी इंटरकूलरवर घालावा. हवा १० अंश गार मिळाली तर घनता सुमारे ३ टक्के वाढते, नॉकची (पेट्रोल अवेळी पेटण्याची) भीतीही कमी होते, आणि सुपरचार्जरला एक फेरासुद्धा जास्त मारावा लागत नाही.

---

उनाडवारा

मृण्मयी, अभियंता, मान्य. मी सर्किटवर जात नाही. माझा वापर म्हणजे पहाटेचा मोकळा रस्ता आणि गार हवा, तेही पाच-दहा सेकंदांचे जोर. तेवढ्यात इंटरकूलर तापत नाही. उन्हाळ्यात दुपारी गाडी मरगळते हे खरंय, मी ते एसीवर ढकलत होतो. माझ्या गाडीला मिनिटाला ३८० सीसीचे इंजेक्टर आणि रीमॅप आहे हे मघाशी लिहायला हवं होतं. ते नसताना १९ टाकू नका, आधीचा सल्ला मागे घेतो.

आवाजाबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही. :)

---

वाफ

अवांतर होतंय, पण रूट्सचा विषय निघाला म्हणून राहवत नाही.

रूट्स हे दोन भाऊ, फिलँडर आणि फ्रान्सिस. अमेरिकेतल्या इंडियानामधले. त्यांनी १८६० मध्ये या पंख्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडीचा पत्ताच नव्हता. लोखंड वितळवायच्या भट्ट्यांना आणि खाणींना वारा घालायला ते यंत्र वापरलं गेलं. तुमच्या बॉनेटखाली जी शिट्टी वाजते ती भट्टीच्या भात्याची नात आहे, हा विचार मला फार आवडतो.

छोट्या गाडीला सुपरचार्जर ही कल्पनाही जुनी. फोक्सवॅगनच्या पोलो जी ४० मध्ये १.३ लिटरच्या इंजिनावर जी-लाडर हा सुपरचार्जर होता, गोगलगायीच्या शंखासारखा आतून वळत जाणारा. त्याचं मूळ पेटंट लिओन क्रू या फ्रेंच माणसाचं, १९०५ चं. निस्सानच्या मार्च सुपर टर्बोत तर ९३० सीसीवर सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही, आणि त्यातून ११० अश्वशक्ती! खालच्या आरपीएमला सुपरचार्जर, वर टर्बो.

जी ४० वाल्यांचं सगळ्यांना एकच सांगणं असायचं : पुली लहान करायच्या आधी चार्जर उघडून आतल्या सीलपट्ट्या बदला. तेलकट_हात म्हणतात तेच, फक्त गाडी वेगळी.

---

शमा_र

वाफ, अशीच अवांतरं येऊ द्या.

एक बाळबोध प्रश्न. इतकं सगळं करण्यापेक्षा पुढचं मॉडेल, आर ५६, घेतलेलं काय वाईट? त्यात टर्बो आहे, सुरुवातच १७५ अश्वशक्तीपासून, आणि चक्रधर म्हणाले तसं नुसत्या रीमॅपने काम होईल.

---

चक्रधर

प्रश्न अजिबात बाळबोध नाही. नुसती ताकद हवी असेल तर आर ५६ हाच सरळ रस्ता, यात वाद नाही. पण सुपरचार्जरचा पाय वेगळा लागतो. ॲक्सिलरेटरवर पाय जितका हलवाल तितकीच गाडी हलते, मध्ये थांबणं नाही. वळणातून बाहेर पडताना अर्ध्या पायावर गाडी तोलून धरायची असेल, तर तो सरळ हिशोब फार कामाला येतो. ज्याला त्याची चटक लागली त्याला टर्बोचं अर्ध्या सेकंदाचं मौन सहन होत नाही.

---

शमा_र

समजलं. म्हणजे लग्न झालंय, आता स्थळं सुचवू नयेत. :)

---

चक्रधर

नेमकं! :)

---

काठावरून

एक कटू अनुभव सांगतो, कुणाचा तरी फायदा होईल.

माझ्याही गाडीला १७ टक्के पुली होती. सोबत एका ठिकाणाहून तयार रीमॅप भरून घेतला. गाडी डायनोवर (जागेवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवली नाही, लॅपटॉप लावला, वीस मिनिटांत "झालं" म्हणाले. गाडी पळत होती झकास. इंजेक्टर मात्र मूळचेच, ३३० सीसीचे. चार महिन्यांनी लांबच्या चढावर, पाचव्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबलेला असताना एकदम जोर गेला आणि आरशात निळसर धूर दिसला. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कडेला वितळला होता. उघडल्यावर मी तो हातात घेतला. कडेचा लचका कुणीतरी चावून घ्यावा तसा गेलेला, आणि वरची रिंग त्या खाचेत चिकटून बसलेली.

कारण असं निघालं की वरच्या आरपीएमला इंजेक्टर जवळजवळ पूर्णवेळ उघडे राहत होते. हवा वाढली, पेट्रोल वाढायला जागाच नव्हती. मिश्रण पातळ झालं, तापमान चढलं, नॉक सुरू झाला. आणि त्या रीमॅपमध्ये टायमिंग अजून पुढे ढकललेलं होतं.

त्यामुळे सहावा_गिअर, रीमॅप कराल तेव्हा गाडी डायनोवर असताना, वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) एक्झॉस्टमध्ये लावून, तुमच्याच गाडीवर करून घ्या. आणि नोंदी मागून घ्या. कुणी द्यायला कां कूं केलं तर सरळ उठून या.

---

तेलकट_हात

काठावरून, वाईट वाटलं वाचून.

त्यांच्या बोलण्याला थोडी जोड देतो. एकट्या १५ टक्के पुलीला मूळ ईसीयू सांभाळून घेतो, नॉक सेन्सर आहे, तो टायमिंग मागे घेतो. पण त्यासोबत मोकळा एक्झॉस्ट, हेडर, कॅम असं चढवत गेलात तर ३३० चे इंजेक्टर पुरे पडत नाहीत. तिथे ३८० वर जावं, मिनीच्याच जॉन कूपर वर्क्स या जास्त ताकदीच्या संचात पुढे तेच होते. कारखान्याने स्वतः २१० अश्वशक्ती काढली ती हेड, सुपरचार्जर, इंजेक्टर, ईसीयू सगळं मिळून. पुली त्यांची ११ टक्केच लहान होती. २००६ च्या जीपी या मर्यादित आवृत्तीला मोठा इंटरकूलर दिला आणि २१८ पर्यंत नेली, तशा २००० च गाड्या केल्या. कारखाना ज्या क्रमाने गेला तो क्रम बघा, बरंच शिकायला मिळतं.

प्लगबद्दल : एनजीकेच्या क्रमांकात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. मूळ ६ आहे, तुम्ही ७ घ्या. काढलेले प्लग फेकू नका, एका ओळीत मांडून बघा. चारांपैकी एकच पांढराफटक दिसत असेल तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळतंय.

---

निवांत_प्रवासी

ब्रेकबद्दल कुणीच बोललं नाही? ताकद वाढवायच्या आधी ब्रेकचं तेल बदला आणि चांगले पॅड घाला. पुढच्या खालच्या हातांचे बुश फाटलेले असतील तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, माझ्या गाडीला हेच झालं होतं. आणि विमा कंपनीला फेरबदल लेखी कळवा. लपवलं आणि काही घडलं तर हात वर करायला त्यांना निमित्तच मिळतं.

---

मृण्मयी_के

ब्रेकला +१०१. माझा पहिला खर्च पॅड आणि तेलावरच होता.

---

सहावा_गिअर

मंडळी, सात आठवड्यांनी परत येतोय. सगळ्यांचे सल्ले कागदावर लिहून घेतले होते आणि एकेक करत गेलो.

पहिली गोष्ट, पांढरी रेघ. तेलकट_हात, चौथ्या दिवशी वाकून बघितलं तर गाभ्यावरचा तुकडा एकीकडे आणि कडीवरचा बोटभर पुढे! डँपर सुटला होता. बेल्ट त्यामुळे तिरका चालत होता आणि आतल्या बाजूला काळी भुकटी साचली होती. नवा डँपर बसवला.

मग गाडी सर्व्हिस पोझिशनला घेऊन सुपरचार्जर उतरवला. मागचा बूच मी स्वतः काढला. तेल जेमतेम चमचाभर, तपकिरी, आणि वास अगदी तुम्ही सांगितला तसाच. बूच उजेडात फिरवला. भुकटी होती, पण थोडी. गिअरच्या दातांवर घासल्याचे पट्टे होते, कडा शाबूत होत्या. कारागीर म्हणाला, "अजून एक वर्ष असंच चालवलं असतं तर पंप गेला असता." दोन्ही कप्प्यांत नवं तेल, नवे सील, नवा वॉटर पंप. इंटरकूलरच्या दोन रबरी नळ्यांपैकी एकीला खालच्या बाजूने चीर होती, वरून दिसतच नव्हती. तीही बदलली. सकाळची खडखड बंद झाली.

पुली मात्र तेव्हा मुद्दाम टाकली नाही. आधी निरोगी गाडी कशी पळते ते मोजायचं होतं. तोच सपाट रस्ता, दोन्ही दिशांनी, चौथा गिअर, ३००० ते ५५०० आरपीएम, प्रत्येकी तीन वेळा. दुरुस्तीच्या आधी सरासरी ५.९ सेकंद होती, हे मी धागा काढला त्याच आठवड्यात मोजून ठेवलं होतं. दुरुस्तीनंतर ५.४! पुली नाही, रीमॅप नाही. अर्धा सेकंद त्या चिरलेल्या नळीतून आणि तिरक्या बेल्टवरून गळत होता.

तीन आठवडे तशीच चालवली, ब्रेकचं काम केलं, आणि गेल्या शनिवारी १५ टक्के पुली, आखूड बेल्ट, ७ क्रमांकाचे प्लग. मूळ पुली गच्च दाबून बसवलेली असते, ती ओढायला खास पुलर लागतो. निघाली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. काल मोजलं : ४.९ सेकंद.

मॅनिफोल्डचं तापमान रोजच्या रस्त्यावर ५० च्या पुढे गेलं नाही. फक्त सिग्नलला दहा मिनिटं अडकलो तेव्हा ६३ दिसलं, आणि गाडी हलल्यावर उतरायला चांगली तीन मिनिटं लागली. मृण्मयीताई, तुमचं म्हणणं डोळ्यांनी बघितलं.

जुनंतेसोनं, मूळ पुली तेल लावून, कागदात गुंडाळून, तारीख लिहून ठेवली आहे.

---

जुनंतेसोनं

तारीख लिहिलीत हे वाचून फार बरं वाटलं. गाडी चांगल्या हातात आहे.

---

तेलकट_हात

झकास काम. नवा बेल्ट पाचशे किलोमीटरनंतर एकदा बघा, कडा उसवल्यात का. आणि टेन्शनर पूर्ण उघडून बेल्ट बसवला होता ना? त्याची खिट्टी काढायची राहिली नाही ना, तेही बघून घ्या.

---

अभियंता_८१

पुढची पायरी इंटरकूलर! रीमॅप त्याच्यानंतर, गार हवा धरून करता येईल.

---

सहावा_गिअर

खिट्टी काढली आहे, ड्रॉवरमध्ये समोरच दिसतेय.

इंटरकूलरच. पण मूळ खाचेत बसणारा जाड गाभ्याचा घ्यावा की जीपीला होता तसा रुंद? रुंद घेतला तर बॉनेटखालची हवा अडवायची रबरी पट्टी त्याच्या कडांना नीट टेकते का? ज्यांनी बसवलाय त्यांनी तेवढा भाग दिसेल असा फोटो टाकाल का?

---

मृण्मयी_के

माझ्याकडे आता रुंदच आहे. पट्टी डाव्या कोपऱ्यात टेकत नव्हती, तिथे फोमची पट्टी चिकटवली आणि लगेच तापमानात फरक दिसला. गाडी उद्या बाहेर काढणार आहे, बॉनेट उघडून दोन्ही कोपऱ्यांचे फोटो टाकते.